वयाचे की औषधाचे : मज्जातंतुवेदनेवरील उपचार आणि वृद्धांचा मेंदू

कापणे, भाजणे किंवा मार लागणे यांमुळे होणारी वेदना इजा झालेल्या भागातून मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे पोचते. परंतु खुद्द मज्जातंतूलाच इजा झाली, तर बाहेर कोणतीही जखम दिसत नसताना अंगाची आग होणे, विजेच्या झटक्यासारखी कळ येणे, मुंग्या येणे किंवा कपड्याचा नुसता स्पर्शही असह्य होणे अशी लक्षणे उद्भवतात, आणि या प्रकाराला मज्जातंतुवेदना असे म्हणतात. नागीण बरी झाल्यावर महिनोन्‌महिने रेंगाळणारी आग, दीर्घकाळच्या मधुमेहात तळपायांना येणाऱ्या मुंग्या आणि जळजळ, तसेच चेहऱ्याच्या त्रिशाखी मज्जातंतूतून क्षणार्धात सणकून जाणारी कळ ही तिची ठळक उदाहरणे असून तिन्हींचे प्रमाण वयाबरोबर वाढत जाते. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा या दुखण्यावर फारसा उपयोग होत नसल्याने वैद्यांना आणि डॉक्टरांना आरंभापासूनच मज्जातंतूंची उत्तेजितता दाबणाऱ्या द्रव्यांकडे वळावे लागले. मात्र असे द्रव्य एकदा रक्तात मिसळले, की दुखरा तंतू कोणता आणि स्मृती, तोल व जागृती सांभाळणाऱ्या मेंदूतील पेशी कोणत्या, हा भेद त्याला करता येत नाही. चक्कर, गुंगी, अडखळती चाल आणि बुद्धीचा गोंधळ हे परिणाम त्यामुळे या उपचारांच्या इतिहासात पहिल्या पानापासून नोंदलेले आढळतात. नोंदी असूनही दीर्घकाळ ते औषधाच्या खाती न पडता रुग्णाच्या वयाच्या खाती पडत राहिले, आणि हा हिशेब दुरुस्त होण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

लंडनमधील क्वेकर पंथीय वैद्य जॉन फॉदरगिल याने १७७३ मध्ये चेहऱ्याच्या या वेदनेचे तपशीलवार वर्णन केले, आणि ती प्रामुख्याने चाळिशी ओलांडलेल्यांना, त्यातही स्त्रियांना अधिक होते, असे निरीक्षण मांडले. त्याने योजलेला उपाय म्हणजे हेमलॉक या विषारी वनस्पतीचा अर्क होय. त्यानंतरच्या शतकात युरोपातील वैद्यांनी अफू, लोहाचे क्षार आणि बचनागाच्या कुळातील वनस्पतींपासून काढलेला अ‍ॅकोनिटीन हा घटक यांचा आधार घेतला. बचनाग महाराष्ट्रातील वैद्यकपरंपरेला अपरिचित नव्हता. गोमूत्रात शोधन केल्याखेरीज तो वापरू नये, हा आयुर्वेदातील दंडक त्याच्या विषारीपणाची जाणीव पुरेशी स्पष्ट करतो. अ‍ॅकोनिटीन मज्जातंतूच्या आवरणातील सोडियमचे मार्ग उघडे ठेवून तंतूला प्रथम चेतवते आणि मग बधिर करते, ही गोष्ट पुष्कळ नंतर कळली. आणि विसाव्या शतकात याच वेदनेवर सर्वाधिक यशस्वी ठरलेले औषध नेमके तेच मार्ग बंद करणारे निघाले.

एकोणिसाव्या शतकातील निर्णायक घटना एडिंबरो येथे घडली. अलेक्झांडर वुड या वैद्याने नोव्हेंबर १८५३ मध्ये मान व खांद्याच्या मज्जातंतुवेदनेने जेरीस आलेल्या एका वृद्ध स्त्रीला, जिला तोंडावाटे अफू सोसत नव्हती, दुखऱ्या बिंदूपाशी त्वचेखाली पोकळ सुईने मॉर्फिनचे द्रावण टोचले. १८५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले आहे, की काही मिनिटांतच रुग्णेने चक्कर येत असल्याची आणि विचारांचा गोंधळ होत असल्याची तक्रार केली, अर्ध्या तासात वेदना शमली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तो पुन्हा गेला तेव्हा ती अद्याप जागी झालेली नव्हती, श्वास खोल चालला होता व तिला उठवणे अवघड गेले. आधुनिक वैद्यकाला आपल्या सर्वांत ओळखीच्या साधनाची, म्हणजे इंजेक्शनच्या सुईची, सवय लावणाऱ्या या वृत्तांतातील रुग्ण वयोवृद्ध असावी, तिचे दुखणे मज्जातंतूचे असावे आणि तिला झालेला त्रास नेमका मेंदूचा असावा, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. वुडचा भर औषधाच्या स्थानिक परिणामावर होता. दुखऱ्या तंतूजवळ टोचल्यामुळेच गुण येतो, अशी त्याची धारणा होती. लंडनच्या चार्ल्स हंटर याने काही वर्षांतच दाखवून दिले, की औषध शरीरात कोठेही टोचले तरी वेदना सारखीच शमते, म्हणजे ते रक्तावाटे सर्वत्र, अर्थात मेंदूपर्यंतही, पोचते. त्यावरून दोघांत कडवट वाद झाला. वास्तविक वुडच्या पहिल्याच रुग्णेची चक्कर आणि झोप हा हंटरच्या बाजूचा सर्वांत सबळ पुरावा होता, परंतु वाद श्रेयाचा आणि सुई कोठे टोचावी याचा होता. त्या वृद्धेच्या मेंदूला काय झाले, हा प्रश्न त्यात मध्यवर्ती नव्हता.

पुढील दशकात अमेरिकेतील यादवी युद्धात सायलस वेअर मिचेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियातील लष्करी रुग्णालयात गोळीने मज्जातंतू छेदले गेलेल्या सैनिकांवर मॉर्फिनच्या इंजेक्शनांचा मुबलक वापर केला आणि १८६४ मध्ये त्यावरील प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध केला. मज्जातंतुवेदनेचे शास्त्र अशा रीतीने विशीतिशीतील धडधाकट पुरुषांच्या शरीरांवर उभे राहिले, आणि औषधाचे प्रमाण ठरवताना तेच शरीर मानक म्हणून गृहीत धरण्याची सवय वैद्यकाला जडली.

ब्रोमाइडचा इतिहास या दृष्टीने अधिक बोलका आहे, आणि आजच्या औषधांच्या चर्चेत तो सहसा आठवला जात नाही हे नवलच म्हणावे लागेल. १८५७ मध्ये लंडनच्या एका वैद्यकसभेत चार्ल्स लोकॉक याने अपस्मारावर, म्हणजे फेफऱ्यावर, पोटॅशियम ब्रोमाइडचा गुण येतो असे सांगितले, आणि पुढील काही दशकांत हे क्षार झोपेसाठी, अस्वस्थतेसाठी, डोकेदुखीसाठी व मज्जातंतूंच्या नाना तक्रारींसाठी घरोघरी घेतले जाऊ लागले. ब्रोमाइड यकृतात मोडले जात नाही. ते जसेच्या तसे मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते आणि तेही इतक्या सावकाश, की शरीरातील त्याची मात्रा निम्म्यावर येण्यास सुमारे बारा दिवस लागतात. रोजची ठराविक मात्रा घेणाऱ्या माणसाच्या रक्तात ते त्यामुळे आठवडेच्या आठवडे साठत जाई, आणि ज्याची मूत्रपिंडे वयोमानाने मंदावलेली असत त्याच्यात अधिकच. अशा माणसाचे बोलणे जड होई, चाल डगमगू लागे, विस्मरण व भास होत, आणि पुष्कळदा त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात केली जाई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रक्तातील ब्रोमाइड मोजण्याची सोय झाल्यावर मनोरुग्णालयांत दाखल होणाऱ्यांपैकी कित्येकांचे वेड म्हणजे ब्रोमाइडची विषबाधा असल्याचे उघड झाले. औषध थांबवून मीठपाणी दिले की ते सुधारत. मूत्रपिंडांवाटे जसेच्या तसे बाहेर पडणारे फेफऱ्याचे औषध, मंदावलेली मूत्रपिंडे आणि वार्धक्याचा म्हणून समजला गेलेला बुद्धिभ्रंश, ही साखळी पुढे कित्येक दशकांनी पुन्हा जुळून आली.

फेफऱ्याची औषधे वेदनेवर का चालावीत, याचे उत्तर फ्रेंच वैद्य आर्माँ ट्रूसो याच्या कल्पनेत सापडते. चेहऱ्याची ही वेदना अकस्मात उसळते, क्षणभर टिकते आणि तशीच अकस्मात ओसरते, यावरून ती फेफऱ्याच्या झटक्याचे भावंड असावी, असे त्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुचवले होते. मेरिट आणि पुटनम यांनी १९३८ मध्ये फेफऱ्यावर फेनिटोइन हे औषध परिणामकारक असल्याचे दाखवल्यावर फ्रान्समध्ये बर्गुइन्याँ याने १९४२ मध्ये ते चेहऱ्याच्या वेदनेवर वापरून पाहिले. बाझलच्या गायगी कंपनीत वॉल्टर शिंडलर याने १९५० च्या दशकात तयार केलेले कार्बामाझेपिन हे औषध ब्लोम या स्वीडिश वैद्याने १९६२ मध्ये याच वेदनेवर योजले, आणि त्याचा गुण इतका निःसंशय होता, की अमेरिकेत या औषधाला १९६८ मध्ये पहिली मान्यता मिळाली ती फेफऱ्यासाठी नव्हे तर चेहऱ्याच्या मज्जातंतुवेदनेसाठी. सोडियमचे मार्ग रोखून अतिउत्तेजित तंतूंना शांत करणारे हे औषध लहान मेंदूच्या, म्हणजे अनुमस्तिष्काच्या, कामातही व्यत्यय आणते. त्यामुळे तोल जाणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे आणि झापड येणे हे परिणाम सुरुवातीपासूनच ठाऊक होते.

कार्बामाझेपिनचा दुसरा परिणाम अधिक आडवळणाचा आहे. ते शरीराला पाणी धरून ठेवण्यास भाग पाडते, आणि परिणामी रक्तातील सोडियमचे प्रमाण खाली येते. तरुण माणसाला ही घट बहुधा जाणवतही नाही. परंतु वृद्धाला, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी जोडीला चालू असेल तर, प्रथम सुस्ती, मग असंबद्ध बडबड आणि प्रसंगी झटके येतात. ज्या गोळीने चेहऱ्याची कळ थांबवली तिनेच बुद्धीचा हा गोंधळ घडवला, हे रक्ततपासणीखेरीज समजण्यास मार्ग नसतो, आणि साठी बुद्धी नाठी ही म्हण ज्या समाजात सहज ओठांवर येते तेथे अशी तपासणी सुचण्याची शक्यताही कमी होते. म्हणीला दोष देणे अर्थात अन्यायाचे ठरेल, कारण याच समजुतीची सुशिक्षित आवृत्ती पाश्चात्त्य रुग्णालयांतही तितकीच रुजलेली होती.

नैराश्यावरील औषधांनी या इतिहासाला वेगळे वळण दिले. इमिप्रामिन आणि त्यापाठोपाठ १९६१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले अमिट्रिप्टिलिन ही औषधे मनःस्थितीवर परिणाम होण्यापूर्वीच आणि त्याहून बऱ्याच कमी मात्रेत वेदना कमी करतात, असे हळूहळू लक्षात आले. टोरांटोच्या वॉटसन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये नागिणीनंतरच्या वेदनेच्या २४ रुग्णांवर केलेल्या चाचणीत सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांना चांगला आराम पडला. नागीण हा प्रामुख्याने वृद्धांचा आजार आहे, हे त्यापूर्वीच सिद्ध झालेले होते; इंग्लंडमधील सायरनसेस्टर गावी सामान्य वैद्यकी करणारे एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्याच रुग्णांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून १९६५ मध्ये असे दाखवले होते, की ८५ वर्षांपर्यंत जगणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना आयुष्यात एकदा तरी नागीण झालेली असेल. अमिट्रिप्टिलिन अशा रीतीने ज्यांना सर्वाधिक उपयोगी होते, त्यांनाच ते सर्वाधिक जड जाणारे होते. याचे कारण असे, की ते अ‍ॅसिटिलकोलिन या रासायनिक दूताचे काम अडवते. आतड्यांत हा दूत अडला तर बद्धकोष्ठ होते, मूत्राशयात अडला तर लघवी तुंबते, आणि मेंदूत अडला तर स्मृती व अवधान ढळते.

ड्रॅचमन आणि लेव्हिट यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे मोलाचा ठरतो. त्यांनी निरोगी तरुणांना अ‍ॅसिटिलकोलिनचा मार्ग अडवणारे स्कोपोलामिन हे द्रव्य दिले, आणि त्यानंतर घेतलेल्या स्मृतिचाचण्यांत त्या तरुणांची कामगिरी वृद्धांच्या कामगिरीशी मिळतीजुळती आढळली. प्रयोगाचा मूळ हेतू वार्धक्यातील विस्मरणाचे कारण शोधणे हा होता, आणि अल्झायमर रोगाच्या पुढील संशोधनाला त्याने चालना दिली. परंतु त्यातून निघणारा दुसरा निष्कर्ष, म्हणजे औषध आणि वय यांनी होणारे विस्मरण बाह्यतः एकसारखे दिसू शकते आणि मुळात हा दूत कमी पडत असलेल्या मेंदूवर औषधाचा घाव अधिक खोल बसतो, हा औषधाची चिठ्ठी लिहिणाऱ्यांपर्यंत पोचण्यास बराच अवधी लागला.

त्यासाठी प्रथम वार्धक्याकडे पाहण्याची दृष्टी बदलावी लागली. लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जरी वॉरेन यांनी १९३५ नंतर अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची पद्धतशीर तपासणी करून त्यांपैकी अनेकांना चालते केले, आणि वृद्धवैद्यकाचा पाया घातला. बर्नार्ड आयझॅक्स यांनी १९६० च्या दशकात हालचाल थांबणे, तोल जाणे, मलमूत्रावरील ताबा सुटणे आणि बुद्धी मंदावणे या चार अवस्थांना वार्धक्यातील महासंकटे म्हटले, आणि त्या वयाचे अटळ फळ नसून प्रत्येकीमागे शोधण्याजोगे कारण असते, असा आग्रह धरला. मज्जातंतुवेदनेवरील औषधे या चारही अवस्था निर्माण करू शकतात, ही बाब या यादीकडे पाहताच ध्यानात येते. वयाचा औषधावर होणारा परिणाम मात्र दुसऱ्याच एका औषधाने ठळक केला. ब्रिटनमध्ये १९८० मध्ये बाजारात आलेले संधिवातावरील बेनॉक्साप्रोफेन हे औषध वृद्ध रुग्णांच्या मृत्यूंनंतर ऑगस्ट १९८२ मध्ये मागे घ्यावे लागले. ते वृद्धांच्या शरीरात तरुणांपेक्षा कितीतरी अधिक काळ रेंगाळत होते. अमेरिकेच्या औषध नियामकाने १९८९ मध्ये वृद्धांवरील चाचण्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि १९९३ मध्ये युरोप, अमेरिका व जपान यांनी मिळून तशाच सूचना स्वीकारल्या, ज्यांत केवळ वृद्धांपुरत्या मर्यादित नसलेल्या आजारांवरील औषधांच्या चाचणीतही साधारणतः किमान १०० वृद्ध रुग्ण असावेत, अशी अपेक्षा होती. संख्या माफकच होती. पण तेवढीही अट तोवर नव्हती.

याच काळात लॉस एंजेलिस येथील मार्क बिअर्स यांनी १३ तज्ज्ञांची मते पद्धतशीरपणे गोळा करून शुश्रूषागृहांतील वृद्धांना सहसा देऊ नयेत अशा औषधांची यादी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. अमिट्रिप्टिलिन तीत होते. पुढे अमेरिकेतील वृद्धवैद्यक संघटनेने ही यादी आपल्याकडे घेतली, आणि २०१२ पासून ती ठराविक काळाने सुधारली जाते. अर्थात यादीमुळे वेदना नाहीशी होत नाही. एक औषध वर्ज्य ठरले की डॉक्टरला दुसरे शोधावेच लागते, आणि १९९० च्या दशकात ते दुसरे औषध तयार होते.

गॅबापेन्टिन हे ते औषध. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे गेरहार्ड झाट्सिंगर आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात मेंदूतील गाबा या शामक द्रव्याची नक्कल म्हणून ते बनवले; प्रत्यक्षात ते गाबाच्या मार्गाने कामच करत नाही, तर मज्जातंतूंवरील कॅल्शियम मार्गांच्या एका घटकाला चिकटते, हे १९९६ मध्ये उघड झाले. अमेरिकेत डिसेंबर १९९३ मध्ये त्याला फेफऱ्यावरील जोडऔषध म्हणून मान्यता मिळाली. यकृतावर भार नाही, इतर औषधांशी फारसा संघर्ष नाही, हृदयाच्या ठोक्यांना अमिट्रिप्टिलिनसारखा धोका नाही, या गुणांमुळे वृद्धांसाठी ते सोयीचे आणि निरुपद्रवी असल्याचा समज झपाट्याने पसरला. नागिणीनंतरच्या वेदनेवरील २२९ रुग्णांच्या १९९८ मधील आठ आठवड्यांच्या चाचणीने त्याची परिणामकारकता सिद्ध केली, आणि तिच्यातच हेही नोंदले गेले, की झापड येण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत सुमारे २७ टक्के तर नकली गोळी घेणाऱ्यांत ५ टक्के होते, आणि चक्कर येण्याचे प्रमाण सुमारे २४ टक्के विरुद्ध ५ टक्के होते. वेदनेसाठी अधिकृत मान्यता २००२ मध्ये आली. तत्पूर्वीच मान्यतेबाहेरच्या उपयोगांसाठी त्याचा प्रचार केल्याचा गुन्हा वॉर्नर-लँबर्ट कंपनीने २००४ मध्ये मान्य केला आणि तिची तत्कालीन मालक फायझर हिने ४३ कोटी डॉलर भरण्याचे कबूल केले. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील रिचर्ड सिल्व्हरमन यांच्या प्रयोगशाळेतून निघालेले प्रिगॅबालिन हे त्याचे अधिक जोरकस भावंड २००४ मध्येच मान्य झाले.

यकृतावर भार नाही, याचा दुसरा अर्थ सगळा भार मूत्रपिंडांवर, आणि येथे ब्रोमाइडची आठवण अपरिहार्य होते. दोन्ही औषधे जवळपास जशीच्या तशी लघवीवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंडे किती रक्त गाळतात याचा अंदाज घेण्याचे कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचे सूत्र १९७६ मध्ये कॅनडातील २४९ पुरुषांच्या नोंदींवरून तयार झाले, आणि स्त्रियांसाठी त्यात १५ टक्के वजावट धरली जाते. त्यानुसार ८० वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या स्त्रीच्या रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचे द्रव्य, डेसिलिटरला १ मिलिग्रॅम असेल, म्हणजे अहवालात ते निर्धोक छापले गेले असेल, तरी तिच्या मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे ३२ मिलिलिटर एवढीच भरते, जी तरुणाच्या एक-तृतीयांशाहून फार अधिक नाही. अशा रुग्णेला प्रिगॅबालिनची मात्रा निम्मी करावी लागते. ती केली नाही तर औषध साठते, हातापायांना अकस्मात हिसके बसतात, पसरलेले पंजे फडफडतात, चाल मद्यप्यासारखी होते आणि शुद्ध हरपण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

रोशॉन आणि गुर्विट्झ यांनी १९९७ मध्ये वर्णिलेली औषधांची उतरंड, म्हणजे एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध सुरू करणे, या गटात वारंवार दिसते: प्रिगॅबालिनने पाय सुजतात, सुजेसाठी लघवीची गोळी दिली जाते, तिने सोडियम उतरते आणि बुद्धी भरकटते. अफूजन्य औषधांसोबत गॅबापेन्टिन व प्रिगॅबालिन ही औषधे देऊ नयेत असे बिअर्स यादीच्या २०१९ च्या आवृत्तीने सांगितले, ब्रिटनने त्याच वर्षी एप्रिलमध्ये ती नियंत्रित द्रव्यांत घातली, आणि डिसेंबरमध्ये अमेरिकी नियामकाने वृद्धांत ती श्वास मंदावू शकतात असा इशारा दिला.

भारतात, आणि म्हणून महाराष्ट्रातही, या औषधांना विशेष रूप मिळाले आहे. मधुमेहींच्या पायांच्या मुंग्यांसाठी ७५ मिलिग्रॅम प्रिगॅबालिन आणि मिथिलकोबालामिन हे ब-१२ जीवनसत्त्वाचे रूप, किंवा ७५ मिलिग्रॅम प्रिगॅबालिन आणि १० मिलिग्रॅम नॉर्ट्रिप्टिलिन हे अमिट्रिप्टिलिनच्या कुळातील द्रव्य, अशा जोडगोळ्या येथे सर्रास लिहून दिल्या जातात. रुग्णाच्या लेखी ती बहुधा शिरांची किंवा शक्तीची गोळी असते, आणि पडझड झाल्यावर डॉक्टरांनी चालू औषधे विचारली तर तिचा उल्लेख राहून जाऊ शकतो. मूत्रपिंडांच्या क्षमतेनुसार प्रिगॅबालिन कमी करायचे झाल्यास जोडगोळीतील केवळ तेवढाच घटक घटवता येत नाही, आणि नॉर्ट्रिप्टिलिन थांबवावे असे वाटले तर प्रिगॅबालिनही त्याच दिवशी तुटते, जे एकदम तोडल्यास निद्रानाश, घाम आणि क्वचित झटके येऊ शकतात; म्हणून दोन्ही द्रव्ये स्वतंत्र गोळ्यांत लिहून, मूत्रपिंडांचा अंदाज घेऊन रात्रीच्या सर्वांत लहान मात्रेपासून आरंभ करणे आणि बंद करताना किमान आठवडाभराच्या अवधीत टप्प्याटप्प्याने उतरवणे, अशी रीत या औषधांच्या अधिकृत माहितीपत्रकांशी आणि वृद्धवैद्यकाच्या शिकवणीशी सुसंगत ठरते.